येथे गंज लावून मिळेल

तीस वर्षं मी गंज काढला,
कुपवाड रोडला, पत्र्याच्या शेडमध्ये,
पॉलिश पेपर ओला करून, बोटांची सालं निघेपर्यंत.
आणि आता मगदुमांचा श्रेयांस येतो,
पिशवीत गणपती पेठेतल्या अकरा खेळण्यातल्या गाड्या,
म्हणतो, दस्तगीरमामा, ह्यांना गंज लावा.

बरा आहेस का, म्हटलं.

तो सांगतो : जग संपलंय.
पेट्रोल नाही, सरकार नाही, आरटीओ नाही.
उरलेत रस्ते, आणि टपावर बंदुका बांधलेल्या गाड्या.
टेबलावर खेळायचं. फासा टाकायचा, टेपनं मोजायचं,
सरळ सहा इंच, वळण घेतलं की चार.
आरटीओ नाही हे ऐकून
जरा बरं वाटलं.

मग बसलो.
पोटाखालचं रिव्हेट बारीक ड्रिलनं फोडलं,
लाल रंग थिनरमध्ये रात्रभर भिजवून उतरवला.
सकाळी बरणीच्या तळाशी
बोटाएवढी उघडी जीप.
किती वर्षांनी असं अंग हाताला लागलं
ज्याला आधी कुणी ठोकलेलं नव्हतं.

खिडक्यांना मच्छरजाळी. सायलेन्सरला रिफिलचे तुकडे.
बायकोच्या बीपीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं
कापून दारांना चिलखत.
एरियलसाठी मिरजेहून सतारीची तुटकी तार मागून आणली.
कुठल्या वाद्याला, त्यानं विचारलं.
जीपला, म्हटलं.

गंज मात्र सोपा नव्हता.
नुसता तपकिरी मारला की चॉकलेट दिसतं.
गंज वरून येत नाही बाळा,
सांध्यातून येतो, जिथं पाणी थांबतं तिथून,
आधी फोड, मग कडा सुटतात.
विटेचा भुगा, फेविकॉल, चिमूटभर मीठ
आणि हळद. राजापुरीच, मार्केट यार्डातली.
ओल्या गंजाचा तो कोवळा पिवळा
दुसऱ्या कशानं येत नाही.
एकोणीसच्या पुरातून ओढून आणलेल्या गाड्या
माझ्या दारात ओळीनं उभ्या होत्या महिनाभर.
तो रंग मला पाठ आहे.

नंबर प्लेट मी घातलीच.
मामा, जग संपल्यावर नंबर कोण बघतो?
एका केसाचा ब्रश, श्वास धरून : एमएच १०.
गाडी कुठली ते कळायला नको?

रविवारी त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत खेळ मांडला.
प्लायवुडवर चाळलेली वाळू, थर्मोकोलचा पडका पूल;
आयर्विनसारखा दिसत होता, मी बोललो नाही.
दोन तासांत माझ्या सात गाड्या उलट्या.
मेली, म्हणायचे, आणि उचलून खोक्यात.
मेली कशी? चाक निखळलंय नुसतं.
बॉनेटवर बसलंय. बॉनेट एका दिवसाचं काम.
नियमात नाही, मामा.
बंदूकवाले आहेत, पाणीचोर आहेत,
प्लास्टिकची तीन कुत्रीसुद्धा आहेत.
डेंटर नाही.

पुढच्या रविवारी मी एक माणूस घेऊन गेलो.
एम-सीलचा, निम्म्या आगकाडीएवढा,
हातात टाचणीचा हातोडा.
उकिडवा बसवला. उभा करता आला असता,
पण ह्या धंद्यातले गुडघे मला माहीत आहेत.
पोरं अर्धा तास भांडली. मग वहीत लिहिलं :
गाडी डेंटरपासून दोन इंचांत थांबली
आणि फाशावर चार किंवा वर पडलं,
तर एक मार भरून निघेल.

त्याला गोळी घालता येते का, ह्यावर हात वर केले.
नाही ठरलं. तीन विरुद्ध एक.
तो एक कोण, मी बघितलं नाही.
त्याचीही गाडी
माझ्याकडंच यायची आहे.